अर्धा किलोचं वजन आणि पंतांची पैज

आपल्या सासुरवाडीच्या, अकोल्याच्या तापमानाचा आकडा वाचून पंतांनी पेपरची घडी घातली. अकोला एवढं तापतं आणि मुंबई का नाही, यावर त्यांनी निकाल दिला, "मुंबईला काय, समुद्राचा गार वारा. साधं आहे."

"पण समुद्र गार का? ऊन त्याच्यावरही तेच पडतं ना?" शिल्पा म्हणाली. ती ज्युनियर कॉलेजच्या प्रयोगशाळेत असते.

"उष्णता सगळ्यांत सारखी वाटली जाते. अर्धा किलो तापलेलं लोखंड अर्धा लिटर पाण्यात टाक. निम्मं-निम्मं होणार!" निवृत्त झाल्यापासून पंतांना सगळ्यातलं कळायला लागलंय.

"वर्गणीच्या वेळी हे निम्मं-निम्मं कुठे गेलं होतं?" राजा म्हणाला. त्याचं लेथचं वर्कशॉप आहे आणि गेल्या गणपतीचा हिशोब तो विसरलेला नाही.

सगळ्यांच्या वडापाववर पैज लागली. भाजीवाल्याचं अर्ध्या किलोचं लोखंडी वजन चहावाल्याच्या उकळत्या पाण्यात गेलं. राजानं मल्टिमीटरची तापमानाची तार आणली. मीटर 98 वर थांबला.

"मीटर बिघडलाय. पाणी शंभरलाच उकळतं," पंत.

"समुद्रकाठी. पुणं साडेपाचशे मीटरवर आहे," शिल्पा म्हणाली. "तुमचा समुद्र इथंही नडला."

पातेल्यात अर्धा लिटर पाणी, 28 अंश. म्हणजे पंतांच्या हिशोबानं 63. राजानं पकडीनं वजन उचललं, एकदा झटकलं आणि पाण्यात सोडलं. मी चमच्यानं ढवळत होतो. 31... 33... 34... साडेचौतीसला आकडा अडला तो अडलाच. वजन हातात घेतलं तर कोमट.

मन्या पोट धरून हसत होता. पंत मीटर हलवून बघत होते.

शिल्पानं पेपरच्या कोऱ्या कडेला गणित मांडलं: लोखंडानं गमावली तेवढीच उष्णता पाण्यानं कमावली. पाणी साडेसहा अंशांनी चढलं, लोखंड साडेत्रेसष्टनं उतरलं. भागाकार 0.102, म्हणजे सारख्या वजनाचं लोखंड एक अंश तापायला पाण्याच्या एवढ्या पटच उष्णता लागते. पुस्तकात साधारण 0.11. ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञानं अठराव्या शतकात पारा आणि पाणी यांवरून हेच ताडलं होतं, की वजन सारखं असलं तरी भूक सारखी नसते. तेच ऊन खाऊनही समुद्र गार तो यामुळेच: पाणी खूप खातं आणि अंगाला लागू देत नाही.

"अगदी मन्यासारखं," राजा.

"मग 0.11 का नाही आलं?" पंतांना धागा सापडला.

"पकडीनं खाल्लं, हवेनं खाल्लं, पातेल्यानं खाल्लं. म्हणून तर कॅलरीमापीला, उष्णता मोजायच्या भांड्याला, लोकर गुंडाळतात."

आमच्या बारावीच्या प्रॅक्टिकलला लोकर उंदरांनी नेली होती. आम्ही सरळ पुस्तकातलं उत्तर घेऊन निरीक्षणं उलटी भरली. उत्तर दशांशापर्यंत बरोबर आलं म्हणून सरांनी संशय घेतला आणि दोन मार्क कापले. मला ते अजून खुपतात.

"माझं वजन द्या," भाजीवाला म्हणाला. "कमी तर नाही ना झालं?"

"ते आधीपासूनच कमी आहे," राजा. "आज निदान धुतलं गेलं."

वडे आले. पैसे देणारा पहिला खाणार म्हणून पंतांनी मोठा घास घेतला. पाव हाताला कोमट लागत होता. आतला बटाटा मात्र... पंत तोंड उघडं ठेवून वारा घ्यायला लागले.

"बटाट्यात पाणी फार असतं हो," शिल्पा हळूच म्हणाली.

"पंत," मन्यानं ग्लास पुढे केला, "सासुरवाडीला स्वागत आहे."