‘गळाला लावलेलं गांडूळ’ या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की ख्रिस्ताविषयी कुणाला सांगायचं असेल तर आधी त्या माणसाशी नीट वागावं, वाद घालू नये, त्याच्या देवाला नावं ठेवू नयेत, आणि त्याने विचारलं तर मात्र आडपडदा न ठेवता सांगावं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा 1893 सालचा नागपूर ते राजनांदगाव रेल्वेप्रवास, ज्यात एका साहेबाने त्यांच्या हातात बायबलचा नवा करार दिला, तोही त्यात होता. मिशन हॉस्पिटलात नर्स असलेल्या माझ्या आईविषयीही थोडं होतं. त्यावर एका वाचकाने भलीमोठी प्रतिक्रिया लिहिली आहे. खाली नाव नाही, ‘एक मराठी माणूस’ एवढीच सही. तिच्यातलं एक वाक्य असं: “गरजू माणूस दिसला की तुम्हा लोकांची दया जागी होते, म्हणजे ती दया नव्हेच, तुमच्या आईची सेवा हे गळाला लावलेलं गांडूळ होतं.”

बाकीचे आक्षेप थोडक्यात असे. रेल्वेतला साहेब गिऱ्हाईक शोधत होता. टिळकांनी बायकोला अंधारात ठेवून बाप्तिस्मा घेतला. पंडिता रमाबाईंनी विधवांसाठीच्या शारदा सदनात धर्मप्रचार न करण्याचा दिलेला शब्द मोडला. दुष्काळात पोटासाठी बाटलेल्यांच्या नातवंडांनी आम्हाला सहिष्णुता शिकवू नये. आणि शेवटी कायद्याचा इशारा.

माझं म्हणणं तुम्हाला पटलं नाही, याचं मला काही वाटत नाही. पण ज्या बाईला तुम्ही पाहिलं नाही, जी आता उत्तर द्यायला हयात नाही, तिच्याविषयी असं लिहिताना तुमचा हात जराही अडखळला नाही? माझ्या लेखावर राग होता तर मला बोलायचं. मी आहे की इथे, नावानिशी. तुम्ही स्वतःचं नाव झाकलंत आणि माझ्या आईला चव्हाट्यावर आणलंत. सहिष्णुतेवर चर्चा करायची ही कुठली रीत?

आणि ‘एक मराठी माणूस’ म्हणजे काय? मग मी कोण? आमच्या घरात चार पिढ्या मराठीतूनच प्रार्थना होते. मिशनचं ‘ज्ञानोदय’ नियतकालिक 1842 साली नगरहून निघालं ते मराठी वाचकांसाठीच. नाताळात आमच्याकडे करंज्या नि चकल्याच तळल्या जातात आणि शेजारी ताट जातं, दिवाळीत तिकडून येतं तसंच. त्या सहीने तुम्ही मला एका शब्दात परकं करून टाकलंत.

एक गोष्ट तुमची मान्य आहे. प्रार्थनेने रोग बरे करण्याच्या ‘चंगाई’ सभांच्या भिंतीपत्रकांवर ‘असाध्य रोग बरे होतील’ असं छापतात, खाटेवर पडलेल्या माणसाच्या उशाशी पत्रकं ठेवून जातात, दुसऱ्याच्या दैवताला सैतान म्हणतात. हे होतं, आणि ते मला आवडत नाही. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी ते पाळकांसमोर बोलून दाखवलेलं आहे. पण त्या लोकांचं ओझं तुम्ही माझ्या आईच्या डोक्यावर दिलंत, म्हणून आता तिचंच सांगते.

आई जळितांच्या वॉर्डात होती. तिथे काम म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक असेल असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही. जखमेला चिकटलेली पट्टी ओढून काढायची नसते. सलाईनच्या पाण्याने ती भिजवत बसायचं, कडेकडेने सुटेल तेवढीच सोडवायची, आणि तोवर रोग्याच्या तोंडाकडे लक्ष ठेवायचं. कारण बायका ओरडत नाहीत, नुसते दात आवळतात. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेली एक धनगर बाई तिच्याकडे होती. पारनेरकडची. तिची सासू नर्सच्या हातचं पाणीसुद्धा सुनेला पिऊ देत नसे. आईने कधी हुज्जत घातली नाही. तांब्या सासूकडूनच भरून घ्यायची, पेला सासूच्याच हातात द्यायची, आणि मान कशी उचलून धरायची तेवढं दाखवायची.

आईच्या अॅप्रनच्या खिशात छोटा नवा करार असे, मागे स्तोत्रसंहिता जोडलेला. ड्यूटीवर तो तिने कधी बाहेर काढला नाही. पट्टी भिजवताना मात्र तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची सवय होती तिला. एके दिवशी त्या बाईनेच विचारलं, “शिष्टर, काय म्हणता वो?” आई म्हणाली, “तेविसावं स्तोत्र म्हणते. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे.” बाई दुखणं विसरून आईकडे बघत राहिली. “देव मेंढरं राखतो व्हय? मंग त्याला पाऊसपाण्याचं ठावं आसंल.” आणि मग पुढचे कितीतरी दिवस पट्टी बदलताना त्या दोघींचं हेच चाले. आई स्तोत्राची एकेक ओळ सांगायची आणि ती बाई सांगायची की नुकतं जन्मलेलं कोकरू खांद्यावरच्या घोंगडीत कसं घालतात, आंधळी मेंढी कळपाच्या कुठल्या अंगाला चालवतात. स्तोत्र आईला लहानपणापासून पाठ होतं. पण त्या बाईने ते तिला नव्याने उलगडून दिलं, असं ती मरेपर्यंत म्हणायची.

बाई बरी होऊन बिरोबाच्या देवळात नवस फेडायला गेली. तिचा बाप्तिस्मा झाला नाही. आईला त्याचं वाईट वाटल्याचं मला तरी आठवत नाही. पुढे ती बाई नगरच्या बाजारला आली की आमच्याकडे डोकावायची आणि पदराखालून बाजरीची पिशवी काढून ओट्यावर ठेवायची. आता मला सांगा, यात गळ कुठे होता? कोण अडकलं?

तुमचा मुद्दा असा असेल, आणि तुम्ही तो नीट मांडला असता तर मी नीट ऐकलाही असता, की ख्रिस्ती माणसाच्या मनात कुठेतरी इच्छा असतेच. असते ना. मी ती का लपवू? माझ्या शेजारणीला ख्रिस्त कळावा असं मला मनापासून वाटतं. जे मला आयुष्यात सगळ्यात मोलाचं वाटलं ते माझ्या माणसांपर्यंत पोचू नये असं मी कसं म्हणेन? तुमच्यातला माळकरी शेजाऱ्याला “एकदा वारीला चला” म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात कपट आहे असं आम्ही म्हणतो का? आमच्या कॉलनीतल्या एका आजोबांनी मला ज्ञानेश्वरी वाचायला दिली, आणि मी ती वाचली. त्यांच्या मनात इच्छा होतीच. मला तो माझा मान वाटला.

प्रश्न इच्छेचा नाही. समोरचा ‘नाही’ म्हणाला की पुढे काय करता, हा आहे. बायबलमधल्या लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात. आभार मानायला परत येतो एकटाच, तोही परका, शोमरोनी. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशू विचारतो. पण त्या नऊ जणांचं बरं होणं तो काढून घेत नाही. एकाच्याही अंगावर कुष्ठ परत आलं असं तिथे लिहिलेलं नाही. माझ्या आईचं शास्त्र हे होतं. धनगर बाई त्या नवांपैकी होती आणि तिची शेवटची पट्टी पहिलीइतकीच जपून काढली गेली.

याच नगरात सिंथिया फॅरार नावाची अमेरिकन मिशनरी बाई मुलींच्या शाळा चालवत होती. 1827 साली ती मुंबईत उतरली होती. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते तिच्याकडे. जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. दोघांपैकी कुणीही ख्रिस्ती झालं नाही. जोतीरावांनी पुढे स्वतःचा सत्यशोधक मार्ग काढला. म्हणून त्यांना शिकवलेली अक्षरं वाया गेली, असं कुणी म्हणेल का? तुमच्या घरातल्या बायका आज शिकलेल्या असतील, तर थोडं मागे जाऊन बघा, त्या वाटेवर ही बाईही भेटेल.

आणि भाकरीसाठी माणसं येतात हे सांगणारे तुम्ही पहिले नाही. योहानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांना जेवू घातल्यावर दुसऱ्या दिवशी लोक येशूला शोधत येतात, आणि तो तोंडावर सांगतो की तुम्ही पोटभर भाकरी खाल्ली म्हणून मला शोधता आहात. मग तो असं काही बोलतो की त्याचे पुष्कळ शिष्यच त्याला सोडून जातात. जाणाऱ्याला तो अडवत नाही. उलट उरलेल्या बारांना विचारतो, तुम्हालाही जायचं आहे का? ज्याला माणसं गळाला लावायची आहेत तो असं विचारतो?

आता ‘पोटासाठी बाटलेल्यांची नातवंडं’. हे माझ्याविषयीच आहे, तेव्हा सांगते. माझी पणजी महारवाड्यातली. 1896 नंतरच्या दुष्काळांत नगर जिल्ह्यातल्या मंडळ्या वाढल्या, हे खरं आहे आणि आम्ही ते कधी लपवलं नाही. उपाशी माणसाने भाकरी देणाऱ्याकडे मान वळवून पाहिलं, यात लाज कुणाला वाटायला हवी? तिला, की ज्यांनी तिला गावच्या विहिरीला शिवू दिलं नाही त्यांना? दुष्काळ संपला, पाऊस झाला, मिशनची खिचडी बंद झाली. पणजी मात्र दर रविवारी उपासनेला जातच राहिली, वाचायला शिकली आणि म्हातारपणी इतरांना पवित्र शास्त्र वाचून दाखवायची. पोटासाठी आलेली बाई पोट भरल्यावर का राहिली, याचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही. शिवाय 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती आधी फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती झालेल्यांना नाहीत. पोटाचाच हिशेब असता तर माझ्या वडिलांनी कागदावरचा धर्म कधीच बदलून घेतला असता. आमच्या ओळखीत कुणी कुणी तसं केलं, त्यांना मी दोष देत नाही. वडिलांनी केलं नाही.

टिळकांच्या डब्यातल्या त्या प्रवाशाबद्दल फार लिहीत नाही. तो कवितेवर बोलला, आदराने बोलला, नवा करार हातात दिला आणि उतरून गेला. टिळकांनी पुस्तक वाचलं, डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबले, दोन वर्षं स्वतःशी झगडले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. हा माणूस तुकारामाच्या अभंगांवर वाढलेला, स्वतः कवी. त्याला ‘गिऱ्हाईक’ म्हणताना तुम्ही त्याच्या बुद्धीचा अपमान करता आहात, साहेबाचा नव्हे. याच टिळकांनी 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ नावाचा बंधुसमाज काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. मिशनची नोकरी सोडून काढला. कुणाच्या डोक्यांची मोजदाद वाढवायला नव्हे.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना सोसावं लागलं, फार सोसावं लागलं. ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे, आणि तुमच्यापेक्षा पुष्कळ हसऱ्या लेखणीने. पुन्हा संसार एकत्र झाल्यावरही त्या सोवळं पाळत राहिल्या, टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही, आणि 1900 साली त्या स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. अर्धी गोष्ट सांगून थांबू नका.

शारदा सदनाच्या वादावर शंभर वर्षं लिहिलं जातंय. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले हे मलाही माहीत आहे. तो विषय या लेखाचा नव्हता आणि मी त्यात शिरणार नाही. केडगावला रमाबाईंचं मुक्ती मिशन अजून उभं आहे, जाऊन या. कायद्याचं म्हणाल तर संविधानाचं धर्मस्वातंत्र्याचं 25 वं कलम मी वाचलं आहे, सर्वोच्च न्यायालयाचा 1977 चा स्टॅनिस्लॉस खटल्याचा निकालही वाचला आहे. दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क मला नाही, असं तो सांगतो. मी तो कधी मागितला? मी विचारणाऱ्याला उत्तर देण्याविषयी लिहिलं होतं. पेत्राच्या पहिल्या पत्रातही तेवढंच सांगितलं आहे, आणि ते सौम्यतेने करा म्हणून बजावलं आहे.

माझ्या त्या सौम्यतेची आज कसोटी लागली, हे मला कळतं. वाक्यं कडक झाली असतील. तुम्ही आईचं नाव काढलं नसतं तर झाली नसती.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. आमच्याच मंडळीतल्या दोघांनी तुम्हाला उत्तरं लिहिली होती, ती मात्र मी थांबवून ठेवली आहेत, कारण त्यांत तुमच्या देवांविषयी वावगं लिहिलं होतं. त्या दोघांना मी फोन करून तसं सांगितलं आहे. तुम्हाला पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा; रमाबाईंवर लिहायचं असेल तर वेगळा धागा उघडते. फक्त खाली तुमचं नाव असू द्या.