आईंच्या बोटाबद्दलच्या अभिप्रायाला माझं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला आणि आज सकाळी ओपीडी सुरू करण्याआधी पुन्हा वाचला. आईंचं केसपेपरवरचं काहीही मी इथे उघड करणार नाही. तुम्ही स्वतः जे लिहिलं आहे, तेवढ्यावरच बोलतो.

तुमचं म्हणणं असं: विळीवर फणस चिरताना आईंचं डाव्या हाताचं मधलं बोट बुडाशी कापलं, आतल्या शिरा तुटल्या आणि मी ऑपरेशन केलं. आज चार महिने झाले तरी बोट थोडंच वाकतं, दुसऱ्या हातानं दाबलं तर मात्र तळहाताला टेकतं. टोकाला मुंग्या येतात. जखम ओली असताना चौथ्या दिवशीच बोट हलवायला लावलं म्हणून ते बिघडलं, आणि आता दुसरं ऑपरेशन सुचवतो ते पैशांसाठी. शिवाय एकदा तीन तास बसवून ठेवलं.

तीन तासांबद्दल आधी माफी मागतो. तातडीचं ऑपरेशन लांबलं होतं, पण बाहेर बसलेल्यांना तसं कुणी येऊन सांगितलं नाही. ते सांगायला हवं होतं.

आता चौथ्या दिवसाबद्दल. ‘प्लॅस्टर घालून महिनाभर हात बांधून ठेवायला हवा होता,’ असं तुम्हाला गावात कुणी सांगितलं. हाड मोडलं असतं तर मीही बहुधा तेच केलं असतं. शिरेचं गणित उलटं आहे. आपण जिला बोलीत शीर म्हणतो तिला आम्ही टेंडन म्हणतो. बोट वाकवणारे असे दोन दोर प्रत्येक बोटात असतात आणि तळहाताच्या वरच्या रेघेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंत ते दोन्ही एकाच अरुंद नळीतून जातात. आईंना सांगायचं तर परकराच्या नेफ्यातली नाडी. नाडी तुटली आणि आपण गाठ मारली, तर गाठ नेफ्यात अडकते. इथे तर नेफाही जिवंत आहे. जखम भरताना तो नाडीला चिकटतो. जोडलेली शीर हलवली नाही, तर ती जुळते खरी, पण नळीलाही तितकीच घट्ट चिकटते, आणि बोट काठीसारखं राहतं.

या पट्ट्याला अमेरिकेतले सर्जन बनेल ‘नो मॅन्स लँड’ म्हणत, म्हणजे कुणी पाऊल टाकू नये अशी जागा. इथे तुटलेली शीर लगेच जोडूच नये, फक्त कातडी शिवावी आणि नंतर दुसरीकडची शीर आणून बसवावी, असं ते शिकवत, कारण जोडलेली बोटं आखडायची. १९६७ मध्ये अमेरिकेतलेच सर्जन क्लाइनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच जागी शीर लगेच जोडून आणि रबर बँड लावून बोट लवकर हलवून चांगले निकाल दाखवले. त्यानंतर टाके मजबूत होत गेले, रबर बँड बऱ्याच ठिकाणी मागे पडला, पण लवकर हलवायचं हे तत्त्व टिकलं. म्हणून पहिल्या आठवड्यातच, हाताच्या मागून स्प्लिंट (आधाराची कडक पट्टी) ठेवून, ठरलेल्या मापात बोट हलवायला लावतो. जास्त हलवलं तर टाका सुटण्याची भीती, कारण पहिले तीन आठवडे जोड सगळ्यात नाजूक असतो. कमी हलवलं तर चिकटण्याची. स्प्लिंट साधारण सहा आठवडे, आणि भरलेली कळशी उचलायला बारा आठवडे. या दोन भीतींमधून वाट काढणं हेच माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि ते ऑपरेशन थिएटरच्या बाहेर होतं.

नेमकं तिथेच आमच्याकडून चुकलं. तुम्ही लिहिलंय की व्यायामाचा कागद इंग्रजीत होता आणि आईंना तो वाचता आला नाही. हे खरं आहे. घरी सोडताना दहा मिनिटांत सगळं सांगितलं. तुम्ही मुंबईत, आई कणकवलीकडे, आणि दर आठवड्याला थेरपीसाठी फोंडा घाट चढून कोल्हापूरला यायचं, तेही जून-जुलैच्या पावसात. मी ‘यायलाच हवं’ म्हटलं. कसं येणार, हे विचारलं नाही. त्या येईनाशा झाल्या तेव्हा आमच्याकडून फोन गेला नाही. ऑपरेशन चांगलं झालं या समाधानात मी राहिलो, आणि याची मला मनापासून खंत आहे. व्यायामाचा कागद आता मराठीत, चित्रांसह तयार केला आहे. घाटाखालून येणाऱ्यांना थेरपिस्ट दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर पाहतात. आईंना त्याचा तेव्हा उपयोग झाला नाही, हे मला ठाऊक आहे.

पण दुसरं ऑपरेशन पैशांसाठी सुचवलं, हे मला मान्य नाही. दाबल्यावर बोट टेकतं म्हणजे सांधे मोकळे आहेत. आपणहून थोडं वाकतं, यावरून शीर बहुधा तुटलेली नाही, चिकटलेली आहे. चिकटलेली शीर सोडवण्याचं ऑपरेशन घाईनं करायचं नसतं. जोड पक्का होईपर्यंत आणि सूज उतरेपर्यंत निदान तीन महिने थांबावं लागतं, पुष्कळदा सहा. म्हणूनच ते आता बोलण्यात आलं. त्यात फक्त बोट बधिर करतात. आई जाग्या असतील, मी सोडवत जाईन आणि त्या टेबलावरच मूठ वळून दाखवतील. धोका आहे: सोडवताना किंवा नंतर शीर तुटू शकते. आणि पुढचे व्यायाम पहिल्यापेक्षाही नेटानं करावे लागतील, नाहीतर ती परत चिकटेल. ते सक्तीचं नाही. आईंना तांब्या धरता येतो का, पिठाचा गोळा मळता येतो का, यावर त्यांनी ठरवावं. दुसऱ्या हँड सर्जनला जरूर दाखवा. ऑपरेशनची नोंद आणि सगळे कागद काउंटरवर मिळतील, त्याचे पैसे घेणार नाही. आमच्याकडे आलात, तर तपासणीची फीही नाही.

मुंग्यांना घाबरू नका. अशा जखमेत शिरेबरोबर संवेदनेची नसही कापली जाऊ शकते. ती जोडल्यावर पहिले काही आठवडे थांबते आणि मग रोज साधारण १ मिलिमीटर पुढे सरकते. बोटाच्या बुडापासून टोक सहा-सात सेंटिमीटरवर, म्हणजे ती आता कुठे टोकाशी पोचते आहे. मुंग्या त्याच्याच.

अभिप्राय काढून टाका असं मी म्हणणार नाही. बोट आणखी किती सुटतंय ते दर आठवड्याला मोजून लिहून ठेवा: मूठ वळल्यावर बोटाचं टोक तळहातापासून किती अंतरावर राहतं, ते पट्टीनं. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी ती वही न्या. आणि टोकाला अजून नीट कळत नाही तोवर आईंना चुलीवरचं भांडं त्या हातानं उतरवू देऊ नका. भाजलं तर त्यांना उशिरा कळेल.