संदर्भ हवा

विकिपीडियावर संपादक व्हायचं ठरवलंत? उत्तम. पगार नाही, रजा नाही, आणि रात्री एकला घरातलं कोणी "काय चाललंय?" म्हणून खेकसलं तर "ज्ञानदान" एवढं सांगून गप्प बसता येतं. मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ ला. आपल्या बडोद्यात त्या दिवशी महाराष्ट्र दिनही असतो आणि गुजरात दिनही, त्यामुळे वादाच्या दोन्ही बाजू आपल्याला घरबसल्या मिळतात.

श्रीगणेशा शहराच्या नावापासून करा. 'वडोदरा' दिसलं की 'बडोदा' करा, 'बडोदा' दिसलं की 'वडोदरा'. खालचा मजकूर वाचू नका. वाचलात तर एखादी चूक सापडायची आणि ती दुरुस्त करत बसावं लागायचं. दिवसाकाठी तीनदाच उलटापालट करा, असा एक दंडक इंग्रजी विकिपीडियावर आहे. तोही मनावर घेऊ नका. चोवीस तास उलटून दहा मिनिटं झाली की चौथ्यांदा करा. मध्यरात्री तुमच्या लेखाला कोणी हात लावला तर हुरळून जाऊ नका. तो बहुधा सांगकाम्या, म्हणजे आपोआप संपादनं करणारा बॉट असतो, माणसं त्या वेळी झोपतात.

आता खरं ब्रह्मास्त्र: पुरावा मागणारी, वाक्यापुढे लावायची 'संदर्भ हवा' ही चिठ्ठी. कोणी लिहिलं की सुरसागर तलाव शहराच्या मधोमध आहे, लगेच चिकटवा. रावपुऱ्यातल्या माणसाला तो रोज दिसतो, पण दिसणं हा पुरावा नव्हे. तुमचे आजोबा सरकारवाड्यात खासगी खात्यात होते, तेही चालत नाही. (दांडिया बाजारातल्या प्रत्येक मराठी घरात असे एक आजोबा असतातच. मग वाड्यात चाकरीला नसलेली माणसं होती तरी कुठे?) यावर तोड आहे. आजोबांबद्दल एक वाक्य गुपचूप लिहून ठेवा. वर्षभरात कुठलं तरी बातम्यांचं संकेतस्थळ ते जसंच्या तसं उचलतं. मग त्याच बातमीचा दुवा आपल्या वाक्याला जोडा. आजोबा सिद्ध!

वाद मात्र असा निवडावा की ज्यात दोघंही बरोबर असतील. उदाहरणार्थ, सयाजीराव महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं कधी केलं? एक म्हणतो १८९३, दुसरा म्हणतो १९०६. १८९३ ला अमरेलीकडे प्रयोग झाला, १९०६ ला सगळ्या राज्याला लागू झालं. दोन ओळी लिहिल्या की विषय संपतो, म्हणून त्या दोन ओळी तेवढ्या कोणी लिहू नयेत. चर्चापानावर तीन आठवडे काढा. समोरच्याला आधी 'सन्माननीय सदस्य' म्हणा, मग नुसतं 'सदस्य', मग 'आपण'. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या शुद्धलेखनावर घसरा. ऱ्हस्व-दीर्घावरून कोणाचाही पाडाव करता येतो, आणि तिथे संदर्भही लागत नाही.

एक पथ्य तेवढं सांभाळा: मांडवीतल्या मध्यवर्ती ग्रंथालयाकडे फिरकू नका. महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल खास अमेरिकेहून आणवला. गावोगाव वाचनालयं उघडली, फिरती पुस्तकांची पेटीसुद्धा पाठवली. ग्रंथालयात कपाटांमधली जमीन काचेची, वरचा उजेड खाली झिरपावा म्हणून. इतका उजेड संपादकाच्या डोळ्यांना बरा नव्हे. शिवाय तुमच्या घरापासून ते रिक्षानं दहा मिनिटांवर, आणि ज्याच्याशी भांडताय तो सन्माननीय सदस्यही मांडवीतच राहतो असं निघायचं.

आमच्या आत्यानं हे पथ्य मोडलं. ती तिथे मासिकं चाळायला जाते. परवा दुपारी तिचा फोन: "अरे, तुमचं ते सक्तीचं शिक्षण, जुन्या अहवालात सगळं छापलंय बघ. पान सांगू का?"

अशा वेळी आवाज जरा खाली आणून म्हणायचं, "नको गं आत्या. चर्चा अजून चालू आहे."