साथीत ऑस्ट्रेलियाने सगळ्यांना फुकट व्हिसा दिला? नाही

परवा भाच्याने पुण्याहून एक मेसेज पाठवला. इथे सिडनीतल्या आमच्या मराठी ग्रुपांवरही तोच फिरतोय. मजकूर साधारण असा: ‘कोविडमध्ये ऑस्ट्रेलियाने वर्किंग हॉलिडेवाल्यांना ४०८ व्हिसा दिला. फुकट दिला, सगळ्यांना दिला, कुठलंही काम करू दिलं. व्हिसा हातात असला की कुणी अडवत नाही. आता भारतीयांनाही ही सोय आहे. सोडतीत नाव आलं की निघा, पुढचं पुढे बघता येतं.’ वर्किंग हॉलिडे म्हणजे तरुणांना परदेशात फिरता फिरता काम करू देणारा व्हिसा. ४०८ हा ऑस्ट्रेलियाचा वेगळा तात्पुरता व्हिसा. विशीतली मुलं यावर विश्वास ठेवून नोकरी सोडायच्या बेतात आहेत, म्हणून लिहितोय.

‘व्हिसा हातात असला की कुणी अडवत नाही.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. २० मार्च २०२० च्या रात्री ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केल्या. नागरिक, कायमचे रहिवासी आणि त्यांचे जवळचे नातेवाईक सोडले तर बाकीच्यांचा व्हिसा कागदावर वैध असूनही उपयोगाचा राहिला नाही. वर्किंग हॉलिडेचा व्हिसा मंजूर झालेली कितीतरी मुलं आपापल्या देशात बसून राहिली. त्यांच्यासाठी दार उघडलं १५ डिसेंबर २०२१ ला, तेही लशीचे डोस पूर्ण असतील तर. म्हणजे जवळजवळ २१ महिने. आणि भारतीयांनी तर एक गोष्ट विसरूच नये. मे २०२१ मध्ये भारतातून परतणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही या देशाने काही दिवस बंदी केली होती. मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड, अशी तरतूद होती. पासपोर्टवाल्यांची ही गत, तर व्हिसावाल्याने कशाच्या भरवशावर राहायचं?

‘सगळ्यांना दिला.’ नाही. ४०८ चा साथीसाठीचा खास प्रकार आधीच ऑस्ट्रेलियात असलेल्यांसाठी होता. हातातल्या व्हिसाची मुदत संपत आलेली किंवा नुकतीच संपलेली असायला हवी होती. वर्षभर राहायचं तर शेती, अन्नप्रक्रिया, आरोग्य, वृद्धसेवा, अपंगसेवा, बालसंगोपन अशा गरजेच्या क्षेत्रातलं काम आणि मालकाचा पुरावा लागायचा. पर्यटन आणि हॉटेलं या यादीत आली ती २०२१ मध्ये.

‘कुठलंही काम करू दिलं’ हेही त्यामुळे सरसकट खरं नाही. वर्किंग हॉलिडेवर एका मालकाकडे सहा महिन्यांची मर्यादा असते. एप्रिल २०२० मध्ये ती सैल झाली, पण मुख्यतः फळबागा आणि अन्नप्रक्रिया चालू राहाव्यात म्हणून. तेव्हा या व्हिसावर देशात सुमारे १ लाख १८ हजार तरुण होते, आणि पिकं त्यांच्याविना काढता येत नव्हती. दुसऱ्या प्रांतात कामाला जायचं तर आधी १४ दिवस विलगीकरण. ही सवलत शेतमालाची गरज ओळखून दिलेली होती. ज्यांचा कॅफे बंद पडला, त्यांना पंतप्रधान मॉरिसन यांनी ३ एप्रिलला घरी परतायला सांगितलं.

‘फुकट’ हा शब्द अर्धा खरा आहे. अर्जाची फी खरोखर शून्य होती. पण पगार टिकवण्यासाठी सरकारने जी मदत दिली, त्यातून तात्पुरत्या व्हिसावाले जवळपास सगळे वगळले गेले. भाडं, जेवण, आरोग्य विमा, सगळं स्वतःचं. त्या दिवसांत इथल्या गुरुद्वारांनी आणि भारतीय खाणावळींनी कितीतरी मुलांना जेवू घातलं, कारण शासकीय आधार नव्हता. पुढे २ सप्टेंबर २०२३ पासून ४०८ च्या या प्रकाराला ४०५ डॉलर फी लागली, तो फक्त आधीपासून हाच व्हिसा असलेल्यांपुरता उरला आणि मुदत सहा महिन्यांवर आली. १ फेब्रुवारी २०२४ ला तो पूर्ण बंद झाला.

शेजारच्या न्यूझीलंडने वेगळा मार्ग घेतला. २०२० च्या एप्रिल ते जुलैत संपणारे तिथल्या लोकांचे तात्पुरते व्हिसे अर्ज न करताच सप्टेंबरपर्यंत वाढवले. दोन देशांचे नियम एकाच मेसेजात मिसळतात, तिथूनही असे गैरसमज होतात.

उरलं ‘भारतीयांनाही ही सोय’. साथीच्या काळात भारताशी वर्किंग हॉलिडेचा करारच नव्हता. ४०८ घेतलेले आपले लोक बहुतेक विद्यार्थी किंवा नुकतं शिक्षण संपलेले होते, वर्किंग हॉलिडेवाले नव्हेत. भारतीयांसाठी ४६२ हा वर्किंग हॉलिडेच्याच धर्तीचा व्हिसा उघडला १६ सप्टेंबर २०२४ ला, व्यापार कराराचा भाग म्हणून. वर्षाला १,००० जागा, वय १८ ते ३०, सोडतीची नोंदणी २५ डॉलर. हा व्हिसा चांगला आहे. काम, प्रवास, जग बघणं, सगळं त्यात होतं, आणि माझ्या भाच्याने तो जरूर घ्यावा.

त्यासाठी खर्चाचे साधारण ५,००० डॉलर आणि परतीच्या तिकिटापुरते पैसे आपल्याकडे आहेत, हे दाखवावं लागतं. काहीजण मित्राकडून खात्यात पैसे फिरवून घेतात आणि व्हिसा आला की परत करतात. भाच्याला सांगितलंय, ते पैसे स्वतःचे असू देत, आणि तिकिटाचे तर वर्षभर हलवू नकोस.