चार माणसे उभी राहिली म्हणून रॅक पास होत नाही

पिकअपच्या हौद्यावर रॅक बसवून तिच्यावर रूफटॉप तंबू (गाडीवर बसवायचा, उघडमिट होणारा झोपण्याचा तंबू) चढवण्याविषयीचा एक संदेश सध्या सातारा-सांगलीकडच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतो आहे. ‘हजारो रुपये वाचवा, रॅक घरच्या घरी बनवा’ असे त्याचे शीर्षक आहे. एरवी मी अशा संदेशांकडे दुर्लक्ष केले असते. परंतु विट्याच्या माझ्या आत्तेभावाने हाच संदेश फॅब्रिकेटरला नकाशा म्हणून दाखवला, पाइपची ऑर्डरही दिली आणि पुढच्या हिवाळ्यात त्या तंबूत त्याची दोन लहान मुले झोपणार आहेत, हे कळल्यावर गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

संदेशातले दावे थोडक्यात असे आहेत. कंपनीची रॅक म्हणजे निव्वळ लूट असून गावातला फॅब्रिकेटर तीच वस्तू निम्म्याहून कमी पैशांत करून देतो. रॅकची पुढची बाजू केबिनच्या छताला बोल्टने जोडली की मजबुती दुप्पट होते. तयार रॅकवर चार माणसे उभी करावीत आणि ती हलली नाही तर तंबू खुशाल चढवावा. रॅक जितकी उंच तितकी चांगली, कारण खाली सामान मावते आणि वर जनावराचे भय राहत नाही. ॲल्युमिनियम कच्चे असते, म्हणून लोखंडच वापरावे. आणि शेवटी, हे सगळे ‘जोडसामान’ असल्यामुळे आरटीओचा यात काहीही संबंध नाही.

पहिल्या दाव्यात तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवे, जरी संदेश लिहिणाऱ्याने त्याचा उपयोग पुढच्या चुकीच्या गोष्टी पटवण्यासाठी केला असला तरी. बाहेरून येणाऱ्या रॅक महाग असतात आणि त्यांच्या किमतीत वाहतूक, आयात शुल्क व नावाचा मोबदला असे सगळे मिसळलेले असते. ज्या जिल्ह्यात १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर घडू लागले, तिथल्या कुपवाड-मिरजेच्या कारागिराला चौकोनी पाइपचा सांगाडा जमणार नाही, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. कारागीर उत्तम आहे. परंतु त्याच्या हाती जे चित्र दिले जाते, तेच तो बनवतो, आणि या संदेशातले चित्र मुळातच चुकीचे आहे.

सर्वांत घातक सूचना केबिनच्या छताला रॅक जोडण्याची आहे. ती देणाऱ्याने पिकअपच्या खाली कधी वाकून पाहिले असेल असे वाटत नाही. हायलक्स, व्ही-क्रॉस किंवा बोलेरो कॅम्पर यांसारख्या गाड्यांत शिडीसारखी एक चासी असते. दोन लांब बीम आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे, अशी तिची रचना असते. तिच्यावर केबिन वेगळी बसवलेली असते, रबराच्या माउंटवर, आणि हौदा वेगळा. केबिनची पाठ आणि हौद्याची पुढची भिंत यांच्यामध्ये जी फट दिसते, ती कंपनीने मुद्दाम ठेवलेली आहे. गाडीचे पुढचे डावे चाक उंचवट्यावर आणि मागचे उजवे चाकही उंचवट्यावर आले की चासी पिळली जाते, केबिन एका अंगाला कलते आणि हौदा दुसऱ्या अंगाला. हे कोणालाही स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावरची मुरमाची वाट असो की उसाच्या फडाकडे जाणारी गाडीवाट, एक पुढचे चाक बांधावर चढवून गाडी उभी करावी, खाली उतरावे आणि ती फट दोन्ही बाजूंनी वरच्या टोकाशी बारकाईने न्याहाळावी. सपाट जागेवर दोन्हीकडे सारखी असलेली फट आता सारखी राहिलेली नसते.

आता या दोन स्वतंत्र हलणाऱ्या भागांना वरून एकाच ताठ लोखंडी सांगाड्याने बांधले तर काय होईल, याचा विचार करावा. चासीला बसणारा पीळ थांबत नाही. तो रॅकमधून वाट काढतो आणि जो भाग सर्वांत कमजोर असेल तो फोडतो. रॅकचा पाइप तीन मिलिमीटरचा, तर केबिनच्या छताचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ. साहजिकच आधी बोल्टभोवतीचा पत्रा वाकतो, मग रंगाला तडे जातात, कडेचे सीलंट सुटते आणि जून उजाडला की पाणी छताच्या अस्तरात उतरू लागते. आपल्याकडच्या पावसात हे किती वेगाने सडते, हे महाबळेश्वर, पाटण किंवा शिराळ्याच्या पश्चिमेकडे राहणाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. छत वाचलेच, तर वेल्डिंग तुटते, आणि ते घाटात तुटले तर तंबूसह रॅक मागच्या दुचाकीस्वाराच्या अंगावर जाईल. याहून गंभीर गोष्ट अशी की ज्या गाड्यांत खिडक्यांवर उघडणाऱ्या पडद्यासारख्या एअरबॅग असतात, त्या छताच्या कडेला अस्तराच्या आतच घडी घालून ठेवलेल्या असतात. तिथे ड्रिल चालवण्याचा सल्ला देणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

या चुकीचे मूळ कुठे असावे, ते माझ्या लक्षात येते. आपण टेम्पो आणि ट्रक पाहतो, त्यांच्या हौद्याचा सांगाडा केबिनच्या वर पुढे आलेला असतो, आणि तो केबिनवर टेकला आहे असा समज होतो. जवळ जाऊन पाहिले तर तो सांगाडा हौद्यातूनच उभा राहिलेला असतो आणि केबिनच्या टपाला कुठेही शिवत नाही. मध्ये हात जाईल एवढी जागा मोकळी सोडलेली असते. ट्रकची बॉडी बांधणारे मिस्त्री ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले आहेत. तंबू लांब असेल आणि तो केबिनवर थोडा पुढे यायला हवा असेल, तर रॅकही अशीच अधांतरी पुढे काढावी. सगळे पाय हौद्यावर आणि फक्त हौद्यावर असावेत. केबिनवर स्वतंत्र कॅरिअर असला तरी त्याला तंबूचा तळ बांधू नये, कारण मग तंबूचा तळच तो पीळ सोसू लागतो.

चार माणसे उभी करण्याच्या परीक्षेबद्दलही सविस्तर बोलणे भाग आहे, कारण ती पटकन पटते आणि तिचा व्हिडिओही सोबत फिरतो आहे. चार माणसे म्हणजे साधारण २८० किलो वजन सरळ खाली पायांतून उतरते, आणि उभ्या पाइपला असा दाब सोसणे सर्वांत सोपे असते. गाडी चालू लागली की वजन फक्त खाली ढकलत नाही. तंबू ६५ किलोचा आणि त्यातल्या गाद्या-पांघरुणे १० किलोची धरली, तर खंबाटकी घाट उतरताना जोरात ब्रेक लागल्यावर या ७५ किलोंचा पुढच्या दिशेने साधारण ५० किलोइतका रेटा रॅकच्या माथ्यावर बसतो. पसरणी घाटाच्या वळणावर असाच रेटा आडवा बसतो, आधी डावीकडे, लगेच उजवीकडे. खड्ड्यातून चाक आपटले की तेच ७५ किलो क्षणभर दुप्पट-तिप्पट होऊन खाली येतात. हा रेटा पायांच्या सांध्यांना वाकवतो, आणि एकदा नव्हे तर एका प्रवासात हजारो वेळा वाकवतो, त्यामुळे वेल्डिंगच्या कडेला केसासारखी चीर पडून ती हळूहळू वाढत जाते. बाजेवर चार जण बसले तरी ती तक्रार करत नाही, पण तीच बाज बसलेल्या माणसांसकट अंगणातून ओढली तर पाय लचकतात. रॅकचे अगदी तसेच आहे.

म्हणूनच तंबू आणि रॅक बनवणाऱ्या कंपन्या भाराचे दोन वेगवेगळे आकडे देतात, एक गाडी उभी असतानाचा आणि दुसरा गाडी चालत असतानाचा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच लहान असतो. रात्री तंबूत दोन मोठी माणसे आणि दोन मुले झोपतील तेव्हा पहिला आकडा पाहायचा. रस्त्यावर असताना दुसरा. संदेशातली परीक्षा फक्त पहिल्याची आहे, तीही ढोबळ. फॅब्रिकेटरकडे गेल्यावर विचारायला हवे ते असे: प्रत्येक पायाच्या कोपऱ्यात त्रिकोणी गसेट (सांधा ताठ ठेवणारी पट्टी) आहे का, लांबीच्या आणि रुंदीच्या अशा दोन्ही दिशांना तिरकी कैची मारली आहे का, आणि वेल्डिंग पाइपच्या चारही बाजूंनी फिरले आहे की नुसते टाके मारून ग्राइंडरने चकचकीत केले आहे. पाय नुसते उभे आणि वरचे दांडे नुसते आडवे अशी रॅक दिसायला देखणी असते. एका बाजूने हाताने जोर लावून मागे-पुढे हलवली की तिचा आयत तिरका होताना दिसतो. हलवून पाहण्याची ही परीक्षा चार माणसे चढवण्यापेक्षा कितीतरी अधिक सांगते.

पाय हौद्याला कसे धरतात, याचा संदेशात उल्लेखच नाही, म्हणून तेही सांगतो. हौद्याच्या कडेवर प्लॅस्टिकचे लायनर असेल तर क्लॅम्पच्या जागी ते कापून काढावे लागते, कारण दाबाखाली प्लॅस्टिक हळूहळू दबते आणि घट्ट आवळलेला बोल्टही काही दिवसांत सैल होतो. छिद्र पाडून बोल्ट लावायचा असेल तर आतून जाड पट्टी द्यावी, कापलेल्या कडेला झिंक प्रायमर लावावा आणि नायलॉक नट (हादऱ्यांनी सैल न होणारे) वापरावेत. केबिनच्या मागे हौद्यावर शोभेसाठी बसवलेला स्पोर्ट्स बार (वाकवलेल्या पाइपची कमान) रॅकचा आधार म्हणून वापरू नये. तो भार घेण्यासाठी बनवलेला असल्याचे पुस्तिकेत स्पष्ट लिहिले असेल तरच गोष्ट वेगळी.

उंचीचा मुद्दा लवकर संपतो. जनावरापासून संरक्षणाची गोष्ट तर मुळीच टिकत नाही, कारण झाडावर चढणाऱ्या बिबट्याला दोन मीटरची उंची म्हणजे काहीच नाही. शिवाय कोयना-चांदोलीच्या व्याघ्र प्रकल्पात किंवा कासच्या पठारावर स्वतःच्या मनाने गाडी लावून मुक्काम करण्याचा विचारही कोणी करू नये. वजन जितके वर जाईल तितकी वळणावर गाडी अधिक कलते आणि केबिनच्या वर निघालेला तंबू सगळा वारा अंगावर घेतो. तंबू केबिनवर पुढे काढायचा नसेल तर मिटलेल्या तंबूचा माथा केबिनच्या छताच्या पातळीजवळ राहील, एवढीच रॅकची उंची ठेवावी. फाळका पूर्ण उघडतो का आणि तंबूची शिडी योग्य तिरकसपणे जमिनीला टेकते का, हे मात्र पाइप कापण्याआधी टेपने मोजून घ्यावे.

लोखंड की ॲल्युमिनियम, या वादात संदेशाची अर्धी बाजू खरी आहे. ॲल्युमिनियम लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचे असते, पण तितक्याच मापात ते ताठरपणालाही सुमारे एक तृतीयांशच असते, म्हणून त्याचे पाइप मोठ्या मापाचे घ्यावे लागतात. टेम्पर केलेल्या (प्रक्रिया करून कडक केलेल्या) ॲल्युमिनियमला वेल्डिंगची उष्णता लागली की त्या जागची ताकद बरीच घटते. त्यामुळे चांगल्या ॲल्युमिनियम रॅक वेल्ड न करता बोल्टने जोडलेल्या असतात, आणि गावात वेल्ड करून बनवायची असेल तर लोखंड घेणेच शहाणपणाचे आहे. परंतु लोखंडाची किंमत वजनात मोजावी लागते. ४० बाय ४० मिलिमीटरचा, तीन मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप मीटरला साधारण साडेतीन किलो भरतो. अशा रॅकला चौदा-पंधरा मीटर पाइप सहज लागतो, म्हणजे पट्ट्या आणि बोल्ट धरून पन्नास-पंचावन्न किलो. त्यावर तंबूचे ६५, गाडीत पाच माणसे, पाण्याचे कॅन आणि स्वयंपाकाचे सामान. गाडीचे कमाल परवानगीचे वजन वजा रिकामे वजन ही साधी वजाबाकी पुस्तिकेतले आकडे घेऊन करावी आणि मगच पाइपची जाडी ठरवावी. गंज टाळायचा असेल तर पाइपची तोंडे बंद करून खालच्या बाजूला पाणी निघायला बारीक छिद्र ठेवावे, म्हणजे पावडर कोटिंगच्या आतून पाइप सडत नाही.

आरटीओचा संबंध नाही, हे विधान मात्र सरळ खोटे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका निःसंदिग्धपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार मान्य नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. वाहनाच्या बाजूंच्या किंवा मागच्या बाहेर निघणाऱ्या भारासाठी कलम १९४ मध्ये वीस हजारांचा दंड वेगळा आहे. हौद्यापेक्षा रुंद तंबू घेणाऱ्यांनी हे कलम आधी वाचावे. रिकाम्या गाडीचे वजन आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, नोंदलेले असते, आणि हौद्याला कायमची वेल्ड केलेली पन्नास किलोंची चौकट ते बदलते. बोल्ट काढून अर्ध्या तासात उतरवता येणारी रॅक जोडसामान आहे, असे म्हणायला जागा आहे. वेल्ड केलेल्या रॅकसाठी ती जागा उरत नाही. आत्तेभावाला मी एवढेच सांगितले आहे की पाइप कापायच्या आधी केबिनकडचे दोन पाय नकाशातून खोडावेत, रॅक पूर्णपणे बोल्टवर घ्यावी, आणि तिचे चित्र व वजन जोडून आरटीओ कार्यालयाला आणि विमा कंपनीला लेखी विचारणा करून तिची पोच गाडीच्या कागदांत ठेवावी.