हिरवं पाणी उकळून विष जात नाही

गेल्या आठवड्यात आत्याने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. तोच नंतर आणखी दोन-तीन ठिकाणांहून आला. थोडक्यात असा: ‘तलावाचं पाणी हिरवं झालं म्हणून घाबरू नका. ते नैसर्गिक शेवाळ आहे, त्याच्याच गोळ्या बाहेर महाग विकतात. मासे जगतात म्हणजे पाणी चांगलं. दहा मिनिटं उकळा, गाळा आणि खुशाल प्या. फारच हिरवं असेल तर मोरचूद मारा, दोन दिवसांत नितळ होईल.’

आत्याच्या गावी उन्हाळ्यात विहिरी आटतात आणि टँकर पाझर तलावावर भरतो. ती ते पाणी इमानेइतबारे उकळते आणि नातवंडांना देते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पहिलं, उकळण्याचं. उकळल्याने जंतू मरतात. पटकी, विषमज्वर, पाण्यातून येणारी कावीळ यांच्यापासून आपल्याला उकळण्यानेच वाचवलं आहे, ती सवय कुणीही सोडू नये. पण तलावावर दुधाच्या सायीसारखा जो हिरवा तवंग येतो, त्यात बऱ्याचदा निळं-हिरवं शेवाळ असतं. नाव शेवाळाचं असलं तरी हे खरे जीवाणू. त्यातल्या मायक्रोसिस्टिस नावाच्या जातीचे काही वाण मायक्रोसिस्टिन हे विष तयार करतात. सात अमिनो आम्लांची ही घट्ट साखळी, टोकाला टोक जुळवून कडं केल्यासारखी. उकळत्या पाण्यात ती तुटत नाही. उलट उकळताना पेशी फुटतात आणि आतलं विष पाण्यात उतरतं. मग पाणी आटतं तसं ते दाटतं. आमटी खारट झाली म्हणून कुणी ती आणखी आटवत नाही, तसंच हे.

अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये हेच घडलं. ईरी सरोवरातला हिरवा थर पाणी उपसण्याच्या जागेवर आला, शुद्ध केलेल्या पाण्यातही मायक्रोसिस्टिन सापडलं आणि चार लाखांहून जास्त लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. त्या सूचनेत ठळकपणे म्हटलं होतं की पाणी उकळू नका, उकळल्याने विषाचं प्रमाण वाढेल. जागतिक आरोग्य संघटनेने रोजच्या पिण्याच्या पाण्यासाठी मायक्रोसिस्टिन-एलआर या त्याच्या एका प्रकाराची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम ठरवली आहे, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. फडक्यातून किंवा कँडलच्या फिल्टरमधून गाळून पाण्यात विरघळलेलं विष निघत नाही. त्याला सक्रिय कार्बन, ओझोन किंवा नीट मात्रेतलं क्लोरीन लागतं. घरगुती यंत्रांपैकी चांगल्या स्थितीतलं आरओ ते बऱ्याच अंशी अडवतं, नुसत्या यूव्हीच्या दिव्यावर मात्र विसंबू नये.

आता जे माझ्या मनातून जात नाही ते सांगतो. माझ्या वडिलांची शेवटची तीन वर्षं डायलिसिसवर गेली. चार तास मी त्यांच्या खाटेशेजारी बसायचो. मशीन मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्रव फिरवतं, म्हणजे एका बैठकीत सुमारे १२० लिटर पाणी रुग्णाच्या रक्तापासून फक्त एका पातळ पडद्याच्या अंतरावरून वाहतं. पिणाऱ्याचं पोट आणि आतडी थोडाफार अडसर घालतात, इथे तोही नसतो.

ब्राझीलच्या पेर्नांबुको राज्यात कारुआरू नावाचं शहर आहे. तिथल्या एका डायलिसिस केंद्रात फेब्रुवारी १९९६ मध्ये टँकरने आणलेलं जलाशयाचं पाणी वापरलं गेलं. १३१ पैकी ११६ रुग्णांना उलट्या, मळमळ आणि डोळ्यांना नीट न दिसणं असा त्रास झाला. पुढे १०० जणांचं यकृत निकामी झालं आणि ७६ जण दगावले. रुग्णांच्या रक्तात आणि यकृतात मायक्रोसिस्टिन सापडलं. यकृताच्या पेशींच्या दारावर पित्ताचे घटक आत घेणारे वाहक असतात, हे विष त्यांच्याच पाठीवर बसून आत शिरतं. तिथे ते पेशीतले फॉस्फेटेज नावाचे विकर बंद पाडतं, पेशीचा सांगाडा कोसळतो आणि यकृतात रक्तस्राव होतो. तलावाचा अभ्यास करणारे आणि डॉक्टर यांनी मिळून त्या मृत्यूंचं कोडं सोडवलं. म्हणून ‘पाण्याचं काय, उकळलं की झालं’ हे वाक्य मला ऐकवत नाही.

मोरचुदाचा सल्ला तर धोकादायकच. मोरचूद शेवाळ मारतं हे खरं, पण मेलेली पेशी फुटते आणि आतलं सगळं एकदम पाण्यात सोडते. पाणी नितळ दिसतं, म्हणून भरवसा वाढतो, आणि नेमकं तेव्हाच विष मोकळं झालेलं असतं. ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर १९७९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या धरणात हिरवा थर वाढला म्हणून मोरचूद टाकलं. काही दिवसांत १४८ जण यकृत आणि पोटाच्या विकाराने आजारी पडले, त्यातली १३८ मुलं होती. पुढच्या संशोधनात त्या धरणातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्याच दुसऱ्या एका जातीकडे आणि तिच्या विषाकडे बोट गेलं.

‘मासे जगतात’ याने फक्त पाण्यात प्राणवायू आहे एवढंच कळतं. तोही दिवसा. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकताना दिसले तर समजावं की रात्रभर शेवाळानेच प्राणवायू संपवला. शिवाय माशांच्या यकृतात आणि आतड्यात हे विष साठतं, म्हणून अशा तळ्यातला मासा खाल्लाच तर पोटातला ऐवज काढून टाकावा.

गोळ्यांचं म्हणाल तर स्पिरुलिना वेगळी जात आहे, तिच्यात मायक्रोसिस्टिन तयार होत नाही. आफ्रिकेतल्या चाड सरोवराच्या काठचे कानेंबू लोक तिच्या वड्या वाळवून पिढ्यान्‌पिढ्या खातात. पण सगळं हिरवं एकच नव्हे. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या क्लामथ सरोवरातून काढलेल्या दुसऱ्या एका शेवाळाच्या गोळ्यांमध्ये मायक्रोसिस्टिस मिसळण्याचा धोका होता, म्हणून त्या राज्याला १९९७ मध्ये गोळ्यांसाठी मायक्रोसिस्टिनची मर्यादा घालावी लागली. ‘नैसर्गिक’ म्हणाल तर विषारी बचनागही नैसर्गिकच आहे.

शेवाळ उन्हाने येतं, त्याला कोण काय करणार, असंही लोक म्हणतात. ऊन लागतंच, पण खतपाणी आपण घालतो. कॅनडाच्या ओंटारियोतलं २२६ क्रमांकाचं एक छोटं तळं १९७३ मध्ये तळ्यांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर यांच्या चमूने मध्ये पडदा लावून दोन भागांत तोडलं. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन टाकले, दुसऱ्या बाजूला त्यांच्यासोबत फॉस्फरसही. फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली, दुसरी तशीच राहिली. विमानातून काढलेला तो फोटो पाहिला की वाद उरत नाही. आपल्याकडे पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीत जातं, आणि सोलापूरकर उजनीचं पाणी पितात. सांडपाणी, डिटर्जंट, शेतातून वाहून येणारं खत, या सगळ्यातून फॉस्फरस येतो. तो अडवायचा असेल तर नाल्याच्या तोंडाशीच अडवायला हवा.

प्रत्येक हिरवं पाणी विषारी असतं असं नाही. एकाच जातीचे काही वाण विष करतात, काही करत नाहीत, आणि डोळ्याने ते ओळखता येत नाही. घरी एवढं मात्र पाहता येतं: पाण्यात काठी फिरवा. केसांसारखे धागे अडकले तर ते बहुधा साधं शेवाळ, काठीला रंग लावल्यासारखा थर बसला तर सावध व्हा. किंवा हातमोजे घालून काचेची बरणी पाऊण भरा, झाकण लावून रात्रभर फ्रिजमध्ये हलवाहलव न करता ठेवा. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या पेशींत हवेचे फुगे असतात, त्यामुळे ते वर तरंगतं.

रविवारी आत्याकडे जाऊन मी पिंपातलं पाणी बरणीत भरलं. सकाळी तळाशी थोडा गाळ होता आणि वर, काचेला लागून, दोन बोटं जाड हिरवं कडं. आत्याने ती बरणी उजेडात धरून बराच वेळ पाहिली, मग पिंप परसात नेऊन उपडं केलं. आता ती पिण्याला आणि स्वयंपाकाला बोअरचं पाणी आणते, तेही उकळून. टँकरवाल्याला तिने सांगितलं आहे की तलावावर साय दिसली तर गाडी आमच्या दारात आणू नकोस.