कोई शक? : एनसीसीच्या नव्या शिक्षक-अधिकाऱ्यांसाठी मार्गदर्शन

मुख्याध्यापकांनी आपल्याला दालनात बोलावून, चहा मागवून, "सर, आपला आवाज भारदस्त आहे" असे म्हटले असेल, तर शाळेच्या एनसीसी ट्रूपची जबाबदारी आपल्या गळ्यात पडली आहे हे आपण ओळखलेच असेल. आपले अभिनंदन. आता आठवी-नववीची पन्नासेक मुले परेडच्या दिवशी खाकी गणवेश चढवून आपल्यासमोर उभी राहतील आणि आपण त्यांना काहीतरी शिकवावे अशी सरकारची, बटालियनची आणि काही भाबड्या पालकांची अपेक्षा राहील. यथावकाश आपली रवानगी नागपूरजवळच्या कामठी येथील एनसीसी अधिकारी प्रशिक्षण अकादमीत होईल आणि पाठाचा उद्देश कसा ठरवावा, त्याचे भाग कसे पाडावेत, सामान आधी कसे मांडून ठेवावे हे सर्व आपल्याला तेथे रीतसर शिकवले जाईल. ते सर्व तेथेच ठेवून हात हलवत परत कसे यावे, एवढ्यापुरताच हा लेखनप्रपंच आहे.

शिकवण्याची पद्धत निवडताना सर्वप्रथम आपल्या घशाचा विचार करावा, त्यानंतर उन्हाचा, आणि त्यानंतर सामानाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे याचा. मुलांचे वय काय, त्यांना आधीपासून काय येते, तासाच्या शेवटी त्यांच्या हातून नेमके काय झाले पाहिजे, असले प्रश्न परीक्षेत लिहिण्यासाठी असतात आणि ते तेथेच शोभून दिसतात. घसा, ऊन आणि किल्ली या तिन्ही कसोट्यांवर उतरणारी पद्धत एकच आहे आणि ती म्हणजे व्याख्यान. या पद्धतीला इतिहासाचाही आधार आहे. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीने सुचवल्यानंतर 1948 च्या कायद्याने ही संघटना उभी राहिली. 1962 च्या युद्धानंतर 1963 मध्ये ती महाविद्यालयांत सक्तीची झाली आणि मैदानात न मावणारी संख्या एकाच वेळी शिकवायची तर बोलण्यावाचून गत्यंतर नव्हते, असे म्हणता तरी येते. पुढे 1968 मध्ये सक्ती गेली आणि संख्या आटोक्यात आली. व्याख्यान मात्र स्वेच्छेने टिकून राहिले आहे.

व्याख्यानाची तयारी सोपी असते, असा काही नवशिक्यांचा गैरसमज असतो. तसे नाही. बटालियनकडून आलेली प्रेसी, म्हणजे पाठांची छापील टिपणे, प्रथम शोधावी लागते. ती इंग्रजीत किंवा हिंदीत असते, मुलांच्या घरी मराठी बोलली जाते, आणि आपल्याला दोन्हींच्या मधले काहीतरी येते. ही त्रिस्थळी यात्रा रद्द करण्याचा मोह टाळावा. मुलांना कळेल अशा मराठीत पाठ मांडून घेण्यात एक अख्खी संध्याकाळ जाते आणि शिवाय आपल्यालाही तो विषय समजून घ्यावा लागतो. त्यापेक्षा मागच्या वेळी जेथे घंटा झाली तेथे पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवावी. पुढच्या परेडला खुणेपासून वाचन सुरू करावे. अनुभवी मंडळींची पूर्वतयारी ती हीच.

आता नकाशावाचनाकडे वळू, कारण आपली पद्धत सर्वांत जास्त खुलते ती येथे. या विषयात प्रथम तीन उत्तर दिशा शिकवायच्या असतात: खरी उत्तर (ध्रुवाची), चुंबकीय उत्तर (होकायंत्राच्या सुईची) आणि ग्रिड उत्तर (नकाशावरील उभ्या रेघांची). महाराष्ट्रात खऱ्या आणि चुंबकीय उत्तरेत एक अंशाचाही फरक पडत नाही, ही गोष्ट मुलांना अजिबात सांगू नये. नाहीतर ती होकायंत्र हातात घेऊन सरळ चालू लागतील आणि तीन व्याख्या पाठ करायच्या राहून जातील. बटालियनमधून प्रिझमॅटिक होकायंत्र मिळालेच, तर ते टेबलावर मधोमध ठेवून पन्नास जणांना दुरून दाखवावे. टेबल लोखंडी असल्यास सुई भलतीकडे वळते. पण व्याख्यान पद्धतीत सुईकडे कोणी पाहत नसल्यामुळे काही बिघडत नाही.

काही उत्साही शिक्षक मैदानात सरळ काठी रोवतात, तिच्या सावलीच्या टोकावर खडा ठेवतात, पंधरा-वीस मिनिटांनी सरकलेल्या टोकावर दुसरा खडा ठेवतात आणि त्या दोन खड्यांना जोडणारी रेघ साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते हे मुलांनाच शोधायला लावतात. पहिल्या खड्याला डावीकडे आणि दुसऱ्याला उजवीकडे ठेवून उभे राहिले की तोंड उत्तरेला होते, आणि या सगळ्यावर एक पैसाही खर्च होत नाही. ही पद्धत घातक आहे. एक तर मधली पंधरा मिनिटे मुले प्रश्न विचारतात, आणि दुसरे म्हणजे काठी व दोन खडे यांची नोंद स्टॉक रजिस्टरात कोणत्या पानावर करावी, याचा खुलासा कोणत्याही परिपत्रकात सापडत नाही.

समोच्चरेषांच्या पाठात तर डोळ्यांत तेल घालून सावध राहावे. "समुद्रसपाटीपासून समान उंचीवरील बिंदूंना जोडणारी काल्पनिक रेषा" हे वाक्य दोनदा सांगून, त्यातील 'काल्पनिक' हा शब्द अधोरेखित करवून घ्यावा आणि पुढे निघावे. आपली शाळा मावळात किंवा कोकणात असली, तर वर्गात हमखास एखादा असा मुलगा निघतो की ज्याच्या घरची भातखाचरे डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली असतात. बांध एका पातळीत नसेल तर पाणी एका कडेला साचते आणि दुसऱ्या कडेचा भात वाळतो, हे त्याला व्याख्येशिवाय ठाऊक असते. प्रत्येक बांध ही जमिनीवर मातीने काढलेली समोच्चरेषाच आहे, चढ उभा झाला की बांध जवळजवळ येतात आणि उतार सपाट झाला की दूर जातात, एवढे जर आपण त्याला बोलू दिले, तर तो पाच मिनिटांत उरलेल्या एकोणपन्नास जणांना दर 20 मीटर उंचीला एक रेषा असलेला टोपोशीट (भूरूपे दाखवणारा नकाशा) वाचायला शिकवील. मग उरलेल्या पस्तीस मिनिटांचे आपण काय करणार? त्याला तात्काळ "सावधान" म्हणावे.

ग्रिडच्या, म्हणजे नकाशावरील चौकटींच्या, आकड्यांचा धोका त्यामानाने कमी आहे. चार अंकांत एक किलोमीटरचा चौकोन सापडतो आणि सहा अंकांत शंभर मीटरपर्यंत पोहोचता येते, हे फळ्यावर लिहून द्यावे. प्रत्यक्ष नकाशा उलगडू नये, कारण तो पुन्हा घडी करता येत नाही, हे मी माझ्या अनुभवावरून सांगतो.

एका ठिकाणी मात्र आपले काही चालणार नाही, ते म्हणजे ड्रिल. तेथे बटालियनचे हवालदार येतात आणि त्यांना आपली व्याख्यान पद्धत मुळीच ठाऊक नसते. ते आधी स्वतः संपूर्ण हरकत (म्हणजे हालचाल) करून नमुना दाखवतात, मग तीच हरकत गिनतीने तोडून दाखवतात, प्रत्येक तुकड्यासोबत काय करायचे ते चार शब्दांत बोलतात, नंतर मुलांकडून एकेक तुकडा करवून घेतात, ज्याचा पाय चुकला त्याच्याजवळ जाऊन त्याचा पाय सुधारतात, आणि हे सर्व जमल्यानंतरच पुढची हरकत घेतात. परिणाम आपण पाहताच. सावधानमध्ये टाचा जुळवून पंजांत 30 अंशांचा कोन ठेवायचा आणि विश्राममध्ये पायांत 12 इंचांचे अंतर ठेवायचे, हे ज्या मुलाने कधीही पाठ केले नाही त्याचे पाय ते दोन आठवड्यांत आपोआप ठेवू लागतात. याच मुलाला भूमितीत कोन मोजता येत नाही म्हणून आपणच सहामाहीत नापास केलेले असते. ही पद्धत मैदानापुरतीच मर्यादित ठेवावी. ती व्हरांडा ओलांडून वर्गात शिरली, तर प्रथमोपचार, नकाशा, आपत्ती व्यवस्थापन, सगळेच विषय मुलांना करता येऊ लागतील आणि आपल्याला प्रत्येक विषय आधी स्वतः करून दाखवावा लागेल.

प्रथमोपचाराची पेटी मोहोरबंदच असू द्यावी. त्रिकोणी पट्टीची झोळी कशी बांधतात हे तोंडी सांगता येते. "पट्टीचे एक टोक निरोगी बाजूच्या खांद्यावरून घेऊन" येथपर्यंत पोहोचताच वर्गातील निम्मी मुले डावे-उजवे विसरतात आणि तास शांततेत पार पडतो. जोड्या करून प्रत्येकाला खरोखर झोळी बांधायला लावणाऱ्यांनी परत धुऊन, इस्त्री करून, मोजून ठेवायच्या पंचवीस पट्ट्यांचाही विचार करावा. शिवाय किल्ली ज्या लिपिकांकडे आहे ते मतदार याद्यांच्या कामावर गेलेले असतात.

.22 रायफल बटालियनच्या कोतमध्ये (शस्त्रागारात) असते आणि फायरिंगचा दिवस वर्षातून एखादाच उगवतो, तोवर शस्त्रज्ञान आकड्यांवर निभावते. प्रभावी पल्ला 25 यार्ड, हे वाक्य आपल्या कॅडेटच्या तोंडून झोपेतही निघाले पाहिजे. 25 यार्ड म्हणजे शाळेच्या फाटकापासून किती अंतर, हे त्याला पावलांनी मोजायला लावण्याचे कारण नाही, जरी तेज चालीतले त्याचे पाऊल 30 इंचांचे असले आणि 30 पावलांत गणित बिनचूक जुळत असले तरी.

कागदावरील तयारीत मात्र हयगय नको. पाठ-टाचणात उद्देश, सामान, पाठाचे भाग, सराव आणि उजळणी असे रकाने आखून, सामानाच्या रकान्यात नकाशा, होकायंत्र, प्रोट्रॅक्टर, वाळूचा नमुना असे सर्व लिहावे. लिहिलेले सामान मैदानात आणावे असे टाचणात कोठेही म्हटलेले नसते. तपासणीसाठी बटालियनचे कमान अधिकारी (कमांडिंग ऑफिसर) येणार असल्यास एका तुकडीला एकच पाठ आठवडाभर पुन्हा पुन्हा शिकवून ठेवावा, प्रश्न कोणाला विचारायचे ते ठरवून हुशार मुलांना पुढच्या रांगेत उभे करावे, आणि भाताच्या खाचरांवरच्या त्या मुलाला रिफ्रेशमेंटचे समोसे मोजण्याच्या जबाबदारीच्या कामावर पाठवावे. प्रमाणपत्र परीक्षेसाठी 75 टक्के हजेरी लागते, शिकण्याची टक्केवारी मोजणारा रकाना हजेरीपटात नाही, ही सोय कोणी केली असेल त्याला दीर्घायुष्य लाभो.

पाठाचा शेवट नेहमी एकाच पद्धतीने करावा. छाती पुढे काढून, नजर मुलांच्या डोक्यांवरून पलीकडच्या भिंतीवर स्थिर करून, खणखणीत आवाजात "कोई शक?" असे विचारावे. हा प्रश्न नसून आज्ञा आहे, हे मुलांना पहिल्या परेडलाच समजते आणि ती एका सुरात "नो सर" म्हणतात. त्यांच्या शंकांचे समाधान झाल्याची नोंद करून वही मिटावी.

क्वचित एखादा हात वर राहतो. समोसे मोजून तो मुलगा परत आलेला असतो आणि तीन उत्तरांचा पाठ संपल्यावरही त्याला विचारायचे असते, "सर, इथून उत्तर कुठे आहे?" गोंधळून जाऊ नये. प्रेसीच्या शेवटच्या पानावर दिले आहे, असे त्याला सांगावे आणि शिट्टी वाजवावी.